अंगणात काढलेलं घर

कारंजा घाडग्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की रूपराव आणि चंद्रभान या भावांची संत्र्याची बाग लागायची. बागेत घर, घरात दोघे भाऊ आणि धाकटी बहीण आनंदाबाई. तिघांचेही केस पिकले, पण गावात ना कुणाच्या लग्नाला, ना मयताला त्यांचं पाऊल पडलं. मग गाव काय गप्प बसतं? कुणी म्हणे पुरलेलं धन राखतात, कुणी म्हणे करणी करतात. हाताला काम नसलं की जिभेला असतंच.

खरी गोष्ट साधी होती. तरण्या वयात आनंदाबाईला नवऱ्याने टाकली, तेव्हा तिच्यात काय खोट आहे याचा निवाडा करायला पंच चावडीवर बसले. ती मध्ये उभी, भोवती सारा गाव, आणि जो तो तिच्या अंगाविषयी बोलत होता. रूपराव ताडकन उठला, "चाल घरी" म्हणाला आणि बहिणीचा हात धरून तिला बागेत घेऊन आला. त्या दिवसापासून गाव बंद. चंद्रभान भावाच्या शब्दाबाहेरचा नव्हे, तोही मागोमाग आला.

रूपराव तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवण्यात नावाजलेला. गावातली पोरं त्याचेच बैल दोरीने ओढत मिरवायची. बागेत आल्यावर बैल द्यायला पोरं उरली नाहीत, पण हात कुठे ऐकतात? तो घडवतच राहिला. माळ्यावर बैल, खाटेखाली बैल, उतरंडीमागे बैल. याला वेड म्हणायचं तर निम्म्या जिल्ह्याला वेडं म्हणावं लागेल. फरक एवढाच की बाकीच्यांच्या नादातून काही घडत नाही.

या घरात सरकारी हुकमाने शिरणारे एकच, ते म्हणजे मलेरियाचे फवारावाले. ते यायचे म्हटलं की घरातलं सारं सामान अंगणात काढून भिंती मोकळ्या करून द्यायच्या. मग ते औषध फवारत, बोटातून रक्त घेत, पोट दाबून आणि जीभ पाहून ताप विचारत. सत्तावन्न साली त्यांच्या जीपमागून आणखी एक मोटार आली. तीतून एक किडकिडीत साहेब उतरला, तीन पायांची घोडी आणि तिच्यावर काळं यंत्र घेऊन. आनंदाबाईला वाटलं, तपासणीचं नवं यंत्र असेल. साहेबाने रूपरावला खुणेने समोर उभं केलं. रूपराव गोंधळला.

"दादा, जीभ दाखव ना," तिनेच सांगितलं.

छातीवर रुळणारी दाढी, भोवती अंगणभर लाकडी बैल, आणि मध्ये रूपरावने आ करून चांगली लांब जीभ बाहेर काढली. यंत्र घरघरत राहिलं. आत घ्या असं कुणी म्हणेना, म्हणून त्या भल्या माणसाने ती तशीच बाहेर ठेवली.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी गंगाने सांगितलं. गंगा गोंडाची, जंगलातून मोळ्या आणून विकणारी. बागेत येणं-जाणं तिचं एकटीचंच.

"माय, ते मागच्या मोटारीतले मलेरियावाले नोयते व. बंबईचे सिनेमावाले होते. कारंज्याले बंगल्यात उतरले हायेत. चायच्या दुकानात हसून राह्यले होते, बुढ्यानं जीभ काढली म्हनून. गावच्याईनं त्याईले करनीच्या गोष्टी बी सांगतल्या. आता शयराशयरात दाखवनार म्हन्ते."

रूपराव हातातला बैल खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे मले बी चावडीवर उभं केलं." एवढंच बोलला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

आनंदाबाईच्या काळजाचं पाणी झालं. ज्याने आपल्याला चारचौघांतून उचलून आणलं, त्याला आपणच चारचौघांत नेऊन उभं केलं! तिने पदर खोचला. चंद्रभान म्हणाला, "थांब आनंदे, मी बंगल्यावर जाऊन येतो."

"जीभ कोनं काढाले लावली? मीच जाईन."

भर उन्हात ती कुंपणाबाहेर पडली आणि गावातूनच गेली. बाया दारात आल्या, माणसं विडी ओढायची थांबली. तिने कुणाकडे पाहिलं नाही की मान खाली घातली नाही.

साहेब बंगल्याच्या ओसरीवर पत्र्याचे गोल डबे पेटीत भरत होता. सबनीस त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली. ती उभीच राहिली.

"आमचं घर आमी औषिदासाठी बाहेर काढलं होतं साहेब. तुमच्यासाठी नाई."

"बाई, मी खोटं काहीच घेतलेलं नाही. जे दिसलं तेच."

"दादानं तुमाले डाक्टर समजून जीभ काढली. हे तुमच्या यंत्राले समजलं काय?"

साहेब ओशाळला. मग त्याचा चेहरा उजळला. "मग तुम्हीच सांगा ना! कॅमेऱ्यासमोर बसा. बैल का करतात, गावात का येत नाहीत, सगळं तुमच्या तोंडून येऊ द्या. लोकांना कळेल तरी."

क्षणभर तिला मोह झाला. सांगावं सारं, गावाच्या तोंडाला कुलूप लागेल. पण सांगायचं म्हणजे पुन्हा मध्ये उभं राहायचं, आणि पुन्हा भोवती लोकं. या वेळी तर ओळखीची सुद्धा नाहीत.

"नाई," ती म्हणाली. "आमचं घर यातल्या कोन्त्या डब्यात हाये?"

बाईला कौतुक वाटलं असेल, असं समजून साहेबाने एक डबा पुढे सरकवला. "हा. पण उघडू नका हं. फिल्म अजून धुवायची आहे. उजेड लागला की सगळं जातं."

"सारंच जाते?"

"सगळं."

तिने डबा उचलला, ओसरीच्या पायऱ्या उतरून उन्हात गेली, चिकटपट्टी ओढून काढली, झाकण काढून फेकलं आणि आतला काळा कागद फाडला. फिल्मची भेंडोळी तिच्या हातांवरून सुटून धुळीत पसरली. साहेब धडपडत उठला. दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच थांबला. तिचा हात धरणं त्याला जमलं असतं. त्याने धरला नाही.

"अहो बाई, माझी सगळी मेहनत गेली!" तो कळवळून म्हणाला.

"हो साहेब. तुमच्या डोयादेखत, जानून गेली," आनंदाबाई म्हणाली. "आमची इज्जत आमच्या अजानता जाऊन राह्यली होती."

रिकामा डबा तिने पायरीवर नीट ठेवला, पदर सारखा केला आणि जशी आली तशीच भर गावातून घराकडे निघाली.