दीड आणि अडीच

माझ्या मराठीत दोन शब्द अजूनही अडकतात: दीड आणि अडीच. साडेतीनपासून पुढे सगळं सरळ आहे, आकड्याला साडे लावलं की झालं. त्याआधीचे हे दोनच शब्द असे वाकडे आहेत, आणि माझ्या इंग्रजी शाळेत ते कोणी घोटून घेतले नाहीत. आईने दीड किलो साखर सांगितली की मी अडीच किलो घेऊन यायचे. नळाला पाणी अडीचला येणार असलं की मी दीडलाच बादल्या लावून बसायचे. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोरगी दीडशहाणी नाही हो, अडीचशहाणी आहे." सगळे हसायचे, मीही हसायचे. सव्विसाव्या वर्षापर्यंत ती आमच्या घरातली एक गंमत होती, एवढंच.

त्या वर्षी मी शिडाच्या बोटींच्या एका क्लबात जायला लागले होते. हिंजवडीला माझ्या ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मला तिथे ओढून नेलं. "ए, तू बसमध्येही काही न बोलता खिडकीबाहेर बघत असतेस. तिथे येऊन पाण्याकडे बघ, निदान ऊन तरी मिळेल." क्लब म्हणजे खडकवासल्याच्या काठावर एक पत्र्याची शेड, आठ-दहा जुन्या बोटी आणि रविवारी सकाळी जमणारी माणसं. मैत्रीण तिथे सगळ्यांशी हसून-खिदळून बोलायची. मला तिथलं आवडलं ते वेगळ्याच कारणाने. बोटीत दोघंच असतात. मागचा माणूस सुकाणू आणि मोठं शीड धरतो, पुढचा छोटं शीड सांभाळतो आणि वाटेत काय आहे ते बघतो. गप्पा माराव्या लागत नाहीत.

मला ज्यांच्या बोटीत बसवलं ते काका सत्तरीच्या जवळ आले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची नोकरी झाली होती. सुट्या भागांची मापं घ्यायची आणि केसभर जरी कमी-जास्त असलं तरी बाजूला काढायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. आठवड्याचे सहा दिवस ते काय करतात हे मी कधी विचारलं नाही, पण सातव्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हजर असत. शेडबाहेर बोट ओढून, दोऱ्या गुंडाळून तयार.

चौथ्या-पाचव्या रविवारी माझ्या लक्षात आलं. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा होता आणि काका सरळ त्याच्या अंगावर बोट नेत होते. मी हळूच म्हटलं, "काका, बोया." त्यांनी सुकाणू झटकन ओढलं. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला कळलं ना?"

मी मान हलवली. मग त्यांना ती दिसली नसेल म्हणून म्हटलं, "हो."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा वाढतच जाणार. "क्लबात कळलं तर सुकाणू जाईल," काका म्हणाले. "मग मी काठावर बसून भेळ खायची आणि बाकीच्यांच्या बोटी मोजायच्या. तुला बोलायला आवडत नाही हे बरं आहे. तसंच राहू दे."

त्यांनी माझ्यावर टाकलेला तो भार मला तेव्हा मानासारखा वाटला. मला कोणी कधी गुपित सांगितलं नव्हतं.

त्यांनी एक पद्धत बसवली. बोटीचं नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा हात नऊ. काही आडवं आलं की मी नुसती वेळ सांगायची. शेजारच्या बोटीला ऐकू गेलं तरी काही कळणार नाही. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "एक आणि दोनच्या मध्ये काहीतरी आहे."

"मध्ये काहीतरी काय? मध्ये जे आहे त्याला नाव आहे ना? ते सांग." तपासणी खात्याचा माणूस. अर्धा तास त्यांना सोडवत नसे.

मी मनात पाढा म्हटल्यासारखं म्हटलं: वन थर्टी, म्हणजे दीड. "दीड," मी म्हणाले. काकांनी बोट वळवली. ती एक फांदी होती.

मला तेव्हाच सांगता आलं असतं की हे दोन शब्द माझ्याकडून चुकतात, आपण वन थर्टी आणि टू थर्टीच म्हणू. पण ते सांगायला लाज वाटली. माझ्या आडनावाची, पुण्यात जन्मलेली मुलगी, आणि तिला दीड कळत नाही. घरी हसतात तेवढं पुरे होतं. मी प्रत्येक वेळी मनात आधी इंग्रजीत बघायचे, मग मराठीत सांगायचे. मधे एक क्षण जायचा. धरणाच्या पाण्यावर तेवढा क्षण परवडत असे.

क्लबचे सेक्रेटरी एकदा शेजारून जाताना म्हणाले, "काय हो, तुमच्या बोटीत बसमार्ग सुरू केलाय का? सारखी वेळ सांगत असते ती." काका म्हणाले, "तुमची बोट कधीच वेळेवर पोचत नाही ना, म्हणून आम्ही पाहत असतो." मैत्रीण त्यावर दोन आठवडे हसत होती.

डिसेंबरच्या सुट्टीत क्लबची सहल केरळात निघाली. तिथे समुद्राला लागून मोठमोठी तळी आहेत, त्यांना कायल म्हणतात. समुद्राशी जोडलेली, खारं-गोडं मिसळलेलं पाणी, एका काठावरून दुसरा काठ धूसर दिसतो. तिथल्याच एका क्लबने बोटी दिल्या. पाच दिवस, रोज एका गावाहून दुसऱ्या गावी शिडावर जायचं, सामान मोटरबोटीतून मागून येणार. आम्ही बाराजण होतो. काका जाताना गाडीत खिडकीशी बसून होते. पहाटे मी उठले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी मला तूही दिसणार नाहीस. ही शेवटची." मी त्यांना चहा आणून दिला.

पहिले दोन दिवस छान गेले असं सगळे म्हणत. मी ते आनंदाने आठवू शकत नाही. पाणी अनोळखी होतं. ठिकठिकाणी जाळ्यांचे खांब, तरंगत येणारी जलपर्णी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बारक्या काळ्या होड्या. तिथली माणसं तळाचे शिंपले काढतात. होडी नांगरून ठेवतात आणि स्वतः पाण्यात बुड्या मारतात, त्यामुळे रिकामी होडी पाण्याच्या रेषेत एखाद्या ओंडक्यासारखी दिसते. मी दिवसभर वेळा सांगत होते. संध्याकाळी जेवताना माझं डोकं ठणकायचं. मैत्रीण म्हणाली, "अगं, सुट्टीवर आलीयेस की परीक्षेला?"

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. तो डावीकडून येत होता, त्यामुळे दोन्ही शिडं उजवीकडे फुगली होती आणि काकांना त्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं. ते तर चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसलं नसतं. म्हणून मी छोट्या शिडाखाली वाकून बघत होते. सेक्रेटरींची बोट मागे पन्नास-साठ फुटांवर होती. बोट पळत होती, पाणी अंगावर उडत होतं, आणि काका बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होते.

मला होडी दिसली. काळी, रिकामी, उजवीकडे पुढे. एक आणि दोनच्या बरोबर मध्ये.

मी म्हणाले, "अडीच."

अडीचला असलेली वस्तू जवळजवळ बाजूला आलेली असते, ती मागे पडणार असते. तिची काळजी करायची नसते. काकांनी मान डोलावली, आणि पुढच्या गावाकडे जायला बोट थोडी उजवीकडे उतरू दिली. नाक त्या होडीकडे फिरताना मी पाहिलं. मला वाटलं, ते असं का करतायत? मग कळलं. मी "काका" एवढंच म्हणाले, आणि तेही नेहमीच्याच आवाजात. ओरडायचं असतं हे मला माहीत होतं. आवाज आला नाही.

होडी रिकामी होती, पण एक माणूस पलीकडून पाण्यातून वर येऊन तिला धरून दम घेत होता. त्याचा उजवा हात होडीवरून आमच्या बाजूच्या काठावर आला होता. आमचं नाक तिथेच आदळलं.

तो आवाज मी इथे लिहिणार नाही. माणूस ओरडला नाही, हे मात्र लिहायला हवं. त्याने हात पाण्यातून वर काढून पाहिला आणि परत पाण्यात घातला, जणू तो धुऊन निघेल.

मोटरबोट आली. त्याला तिच्यात घेतलं. मी का कोण जाणे त्याच्याबरोबर चढले. काठावरच्या दवाखान्यातून त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्याची बायको तिथे आली, पायांना चिखल तसाच. ती मला मल्याळममध्ये काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी मान हलवत होते, हो म्हणून की नाही म्हणून, मलाही माहीत नव्हतं. नर्स फॉर्म भरत होती. तिने इंग्रजीत विचारलं, अपघात किती वाजता झाला?

"ट्वेल्व्ह फॉर्टी," मी लगेच म्हणाले. इंग्रजीत माझी वेळ कधीच चुकत नाही.

त्याची तीन बोटं काढावी लागली. फॉर्मवर त्याचं नाव त्या लिपीत लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवर सगळे बसले. इडल्या तशाच पडून होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "हॉस्पिटलचं क्लब बघेल. पण झालं कसं ते मला कळायला हवं. मी मागेच होतो. हिने काहीतरी सांगितलेलं मी ऐकलं. मग तुम्ही बोट उजवीकडे कशी घातलीत?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

काका म्हणाले, "तिने दीड सांगितलं. मी अडीच ऐकलं."

"म्हणजे काय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ, बोया, डोळे, डॉक्टर. एखाद्या सुट्या भागाचं माप सांगावं तसं, एकेक करून. मैत्रिणीने माझा हात धरला. तिला वाटलं असणार की मी काकांसाठी रडतेय.

"आणि तू हे लपवलंस?" सेक्रेटरी माझ्याकडे वळले.

"तिला मीच गप्प बसायला सांगितलं होतं," काका म्हणाले. "तिला सोडा. एक मूल घाबरवून मी गप्प बसवलं असं समजा."

मी सव्वीस वर्षांची होते. मी गप्प बसले.

सहल तिथेच संपली. पुण्याला परत आल्यावर क्लबने काकांना पत्र दिलं, आणि ते यायचे बंद झाले. मला कोणी काही म्हणालं नाही, उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले. दुसरा जोडीदार देऊ का, असं विचारलं. मीही जायचं सोडलं. बसमध्ये मैत्रीण म्हणायची, "तुझा काय दोष गं? तू तर बरोबर सांगितलं होतंस."

मार्चमध्ये एका शनिवारी मी खडकीला काकांच्या घरी गेले. स्टेशनमागच्या जुन्या इमारतीत पहिला मजला. त्यांनी दार उघडलं आणि चौकटीकडे बघत उभे राहिले. "कोण?"

"मी, काका."

"हां. आवाजावरून कळलंच असतं, पण तू बोलशील तर ना." त्यांनी चहा केला. कपाच्या काठाला बोट लावून ओतला, तो बोटाला लागला की थांबायचं. मी उठले तर म्हणाले, "बस. जमतं."

मी चहा संपेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "काका, मी अडीच म्हणाले होते."

"मला दिसत नाही. ऐकू उत्तम येतं."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

"माझं सुटणारच होतं. पुढच्या महिन्यात नाहीतर त्याच्या पुढच्या. एकाच चुकीत दोघांनी कशाला जायचं, असं वाटलं तेव्हा." त्यांनी कप बाजूला सरकवला. "तुला हलकं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं. वाटलं का?"

"नाही."

"चांगलं आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. साखर, पाण्याच्या बादल्या, बाबांची ती गंमत, शब्द शोधताना जाणारा तो क्षण. आयुष्यात मी इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर आपण इंग्रजीत बोललो असतो," ते म्हणाले. "मला काय, मापं सगळी इंग्रजीतच घेतली."

मला वाटलं आता ते रागावतील, आणि बरं होईल.

पण त्यांनी विचारलं, "त्या माणसाला हे कोणी सांगितलं?"

"नाही."

"त्याचं नाव काय?"

मी रिकामा कप खाली ठेवला.

"मलाही माहीत नाही," काका म्हणाले. "म्हणजे आपण दोघं इथे खडकीत बसून एकमेकांना सांगतोय."

हे ते खिडकीकडे तोंड करून बोलले. आधी मला वाटलं त्यांना माझं तोंड बघायचं नाहीये. मग आठवलं, त्यांना फक्त कडेचं दिसतं. मला नीट पाहायचं तर त्यांना माझ्यावरून नजर काढून दुसरीकडे बघावं लागत होतं. ते बराच वेळ तसे खिडकीकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या नजरेच्या कडेला बसून राहिले.