बाबांचा पडदा लिलावात

गेलं वर्षभर मी मुंबईतल्या एका लिलावघरावर नजर ठेवून होतो. नजर म्हणजे फोनवरून. बीडमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन चालू असताना माणसाचे हात रिकामे राहतात, आणि रिकाम्या हातांनी माझा घात केला. उन्हाळ्यात त्या लोकांनी मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं विकली, पावसाळ्यात नाणी आणि घड्याळं, दसऱ्याच्या सुमाराला दागिने. मी सगळं बघायचो. घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. एखाद्या निजामाच्या काळातल्या अत्तरदाणीवर सगळ्यात खालची बोली लावायची, कुणी वर गेलं की सुटलो म्हणायचं आणि पुढची वस्तू शोधायची. एकदा तासभर माझ्या वर कुणी गेलंच नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, ज्यांना घ्यायचंय ते निवांत असतील. तुमचंच पोट का बिघडतंय?"

थंडीत त्यांचा वर्षातला शेवटचा लिलाव होता. जुन्या दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, नाटकांचे पडदे असला माल. फोटो सरकवता सरकवता माझं बोट थांबलं. राजवाडा, कारंजं, खिडकीत दिवा घेतलेली मुलगी आणि बागेत एक हरीण. हरीण मी लगेच ओळखलं. ते मी आहे.

बाबा पाट्या रंगवायचे आणि आसपासच्या गावांतल्या हौशी नाटकवाल्यांना पडदे करून द्यायचे. हा पडदा त्यांनी चकलांब्याच्या मंडळींसाठी केला होता. खिडकीतल्या मुलीसाठी आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दिवा धरून उभं केलं आणि हरणासाठी मला अंगणात रांगायला लावलं. आक्का राजकन्या झाली. हरणाला माणसाचे गुडघे आले. पुढे नाटकं बंद पडली आणि पडदा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. पाट्यांवर नव्या दुकानदारांनी नवे रंग मारले. बाबांच्या हातचं असं आमच्याकडे काहीच उरलेलं नाही. फोटोखाली लिलावघरानं लिहिलं होतं, चित्रकार अज्ञात.

मी फोटो आक्काला पाठवला. ती नेकनूरला असते. दुपारच्या बसनं ती बीडला आली, मागोमाग दाजी पिशवी सांभाळत.

"मला पायजे त्यो," आक्का म्हणाली. चहाला नको म्हणाली, तेव्हाच मी समजलो.

वर्षभर मुरलेला गडी म्हणून मी खुर्ची ओढून समजावायला बसलो. बोली चार दिवस चालते, शेवटच्या मिनिटापर्यंत गप्प राहायचं, आपल्याला हवंय हे कुणाला कळू द्यायचं नाही.

"चोरावानी?" आक्का म्हणाली. "आपल्या बापाची वस्तू हाय ती. आपून उघड मागायची."

तिचंही चूक नव्हतं. आमच्या गावात नवरात्र झालं की देवीच्या साड्यांचा लिलाव होतो. पुरुष माणसं एकमेकांवर चढून बोलतात, पण एखाद्या माहेरवाशिणीनं बोली लावली की सगळं देऊळ गप्प होतं. गावच्या लेकीच्या वर कुणी जात नाही. मात्र लेकीनंही घासाघीस करायची नाही, मनात असेल तेवढं एकदम बोलायचं. आक्का तशी दोनदा साडी घेऊन गेलेली. तिला लिलाव ठाऊक होता तो हा.

"पण आक्का, तिथं कुणाला कळणार तू लेक हायेस ते?"

"तू लिही की त्यांना. शिकलास कशाला?"

दाजी म्हणाले, "लिवा पाव्हणं. झेरॉक्स काढून लिवा."

मी खरंच लिहिलं. ही बोली चित्रकाराच्या मुलीची आहे, कृपया इतरांना कळवावे. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, आक्काच्या मनात होतं तेवढं सगळं एकदम लावून टाकलं. लिलावघराचं नम्र उत्तर आलं. बोली लावणाऱ्यांची माहिती एकमेकांना देता येत नाही. चित्रकाराचं नाव मात्र त्यांनी विचारून घेतलं.

ते चार दिवस आक्का निवांत होती. मी फोन चार्जिंगला लावायचो आणि तिथेच उभा राहायचो. एका गिऱ्हाईकाच्या सातबाऱ्याच्या उलट्या बाजूला मी दुसऱ्याचं आधार कार्ड छापलं. आमची बोली एवढी मोठी आणि एवढी लवकर, की बघणाऱ्याला वाटावं, पडद्यात काहीतरी आहे खास. हे मला पहिल्या दिवशीच कळत होतं. आक्काला सांगायची छाती झाली नाही.

शेवटच्या दिवशी ती दोघं दुकानात आली. वेळ संपायला थोडाच अवकाश असताना कुणीतरी वर गेलं. आक्का फोनकडे बघत राहिली. शेवटाला बोली आली की घड्याळ आपोआप पुढे सरकतं. दाजी हळूच म्हणाले, "ट्रॅक्टर राहू द्या औंदा. ते पैसे लावा." मी लावलं. समोरच्यानं लगेच लावलं. घड्याळ पुन्हा पुढे गेलं. दाजी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात आक्कानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. त्याला बी लई आवडलेला दिसतोय."

घड्याळ संपलं. झेरॉक्सचं मशीन कुणाचे तरी कागद काढतच होतं.

बस स्टँडकडे जाताना तिनं एवढंच विचारलं, "नेण्याआधी एकदा बघू देतील का रं?" मी पुन्हा लिहिलं. घेणाऱ्याची हरकत नाही, गुंडाळण्याआधी येऊन जा, असं उत्तर आलं.

मुंबईला तो पडदा एका पांढऱ्या, गार खोलीत टांगलेला होता. खाली चिठ्ठीवर आता बाबांचं नाव होतं. आक्का नावापाशी थांबली, मग खिडकीतल्या मुलीपाशी. पडद्याला हात न लावता तिनं आपला पदर सावरला. मग पिशवीतून खण, नारळ आणि गव्हाची पुडी काढली. तिथली कामावरची मुलगी गोंधळली. "कुंकू नको हं, मावशी. कापडाला लागेल."

"कुंकू न्हाई लावत," आक्का म्हणाली. "पोरगी सासरला चाललीय. ओटी तेवढी पाठवा संगं. ज्यांच्या घरी जाईल त्यांना सांगा, माहेरची हाय."

त्या मुलीनं ओटी दोन्ही हातांनी घेतली आणि टेबलावर कुठे ठेवावी ते न कळून तशीच धरून उभी राहिली. मला खिडकीकडे बघवेना. मी हरणाकडे बघत राहिलो. तिथेही फार वेळ टिकलो नाही.

परतीच्या गाडीत मी सवयीनं फोन काढला. लिलावघराचं नवं वर्ष सुरू होत होतं, पहिल्याच पानावर चित्रं. आक्कानं शेजारून डोकावून पाहिलं.

"गुडघे मातर तुझेच हायेत रे," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. मी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला.