मागचं दार

आमच्या शिवणखात्यात माझ्या वहिनीला सगळ्या सावकाशबाई म्हणतात. घाई कशाशी खातात हे तिला माहीतच नाही. चहा निवून पाणी होतो, तरी हिचं फुंकर घालणं चालूच. पण तिची शिलाई कधी उसवावी लागत नाही, म्हणून सुपरवायझर दातओठ खाऊन गप्प बसतो. तिचं मशीन माझ्या मागे आणि तिच्या पाठीशी मागचं दार. त्या दाराला कायम कुलूप. आम्ही कापड चोरून नेऊ अशी मालकाला धास्ती, जसा काही आमच्या डब्यात अख्खा तागा मावतो!

त्या दिवशी सकाळी सुपरवायझर स्वतः ते कुलूप काढताना दिसला. आमचे शर्ट घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या बाई पाहणीला येणार होत्या.

"तिकडची गिऱ्हाईकं हल्ली शर्ट घेण्याआधी विचारतात, शिवणाऱ्यांचे हाल तर होत नाहीत ना," तो म्हणाला. "तेव्हा नीट ऐका. हाल होत नाहीत. दार रोज उघडं असतं. कुणी वेडंवाकडं बोललं तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की खातं बंद. मग बसा घरी माशा मारत."

भाऊ कंबर धरून घरी बसल्यापासून आमची चूल आम्हा दोघींच्या मशीनवरच पेटत होती. मी वहिनीला म्हटलं, "तू काहीएक बोलू नकोस. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

बाई आल्या. सोबत त्यांची दुभाषी होती. त्यांनी संडास पाहिले, पिण्याचं पाणी पाहिलं, चार जणींना विचारलं. चौघींनी पोपटासारखं पाठ म्हटलं. सुपरवायझरच्या चेहऱ्यावर तेज आलं. आणि कुणालाही न सांगता बाईंनी भिंतीवरची आगीची घंटा दाबली.

आम्ही सगळ्या उठलो आणि पुढच्या दाराकडे धावलो. रेटारेटी, चपला तुडवणं, नुसता गोंधळ. मागचं दार सताड उघडं होतं, बाहेरचं ऊन वहिनीच्या स्टुलावर पडलं होतं, आणि वहिनी त्याच दाराकडे पाठ करून आमच्या गर्दीत घुसत होती. पढवलं होतं ते आमच्या तोंडांना. पायांचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाई वहिनीजवळ आल्या. दुभाषीने विचारलं, "दार तुमच्या पाठीशीच होतं. मग इकडे का आलात?"

सुपरवायझर खोकला. मी वहिनीच्या पायावर पाय दिला. तिचे कान लाल झाले. मग ती सावकाश म्हणाली, "ते दार उघडतं हे लक्षातच येत नाही, बाई. आज पहिल्यांदाच उघडलंय."

घरी आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. "आता तुझं खरं बोलणंच शिजव कुकरात!"

"अगं, पण खरोखर आग लागली असती तर?"

"लागली नव्हती ना!"

त्यानंतर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ऑफिसातला फोन वाजला की खात्यातली सगळी मशीनं मंदावायची. जेवताना कुणी वहिनीशेजारी बसेना, आणि मीही बसले नाही.

शेवटी ती दुभाषी एकटीच आली आणि मालकासमोर आम्हाला म्हणाली, "ऑर्डर राहतेय. दाराचं कळल्यावर तिकडच्या गिऱ्हाइकांनी कंपनीला सांगितलंय, या बायकांना सोडून दुसरीकडे जाऊ नका, शर्ट त्यांच्याकडूनच घ्या. पण त्या धड घरी पोचल्या पाहिजेत." कुलूप, कडी, कोयंडा, सगळं त्याच दिवशी उपटलं गेलं.

मला हायसं वाटलं, पण माझा राग काही उतरला नाही. पोटावरचं संकट टळलं ते कुठल्या तरी अनोळखी माणसांच्या भलेपणामुळे, वहिनीने तर जुगार खेळला होता, असंच मी धरून बसले. त्यात तिने नवं खूळ काढलं. सुटी झाली की सगळ्यांनी मागच्या दारानेच बाहेर पडायचं. तिकडून फाटकापर्यंत केवढा वळसा! "पायांना सवय होऊ दे," म्हणायची. बायका कुरकुरत का होईना, जायच्या. मी मुद्दाम पुढच्या दाराने जायचे.

एका दुपारी पुन्हा घंटा वाजली. पाहणी नव्हती. पुढच्या दाराशी इस्त्रीच्या टेबलावर कपड्यांचा ढीग पेटला होता आणि काळा धूर छताला लागला होता. सगळ्या जणी मागे वळल्या. माझे पाय मात्र पुढच्या दाराकडे निघाले, थेट त्या धुरात. डोळे चुरचुरले, पुढचं दिसेना, आणि कुणीतरी माझा दंड धरून हिसका दिला.

"लवकर!" वहिनी किंचाळली. "लवकर चल!"

बाहेर उन्हात आम्ही दोघी खोकत उभ्या होतो. एकही बाई आत राहिली नव्हती. किती दिवसांनी मी तिच्याशी बोलले. म्हटलं, "वहिनी, तू आणि लवकर?"

ती खोकत खोकत हसली. पण माझा दंड काही तिने सोडला नाही.