अव्वांनी दिलेलं गोडं पाणी

अव्वांच्या हातून एक मासा मेला होता.

आज सकाळी अव्वा गेल्या. त्यांच्या नातवाचा फोन आला, आणि मला आधी तो मासाच आठवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापूरला कॉलेजात लॅब असिस्टंट होते. अव्वा माझ्या घरमालकीण. लिंगायत घर, अंडंसुद्धा वर्ज्य.

झूऑलॉजीच्या सरांनी रामेश्वरहून एक डॅमसेल मासा आणला होता. अंगठ्याएवढा, गर्द निळा, समुद्रातल्या प्रवाळात राहणारा. मे महिन्यात कॉलेज बंद, म्हणून समुद्राच्या पाण्याने भरलेली त्याची काचेची टाकी माझ्या खोलीत आली.

"आमच्या घरात मासा?"

"खायचा नाही अव्वा. सांभाळायचाय."

"त्येला काय सांभाळायचं? पाण्यातच हाय की."

पण हळूहळू पूजा झाली की त्या टाकीपुढे बसू लागल्या. त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायच्या.

उन्हाने पाणी उडायचं, मीठ मागे राहायचं. खारटपणा वाढू नये म्हणून मी रोज पेलाभर गोडं पाणी ओतायचे.

अव्वा बघत असायच्या.

एकदा मी वैरागला घरी गेले. परत आले तर टाकी लख्ख. मासा आडवा. कल्ले हलत होते.

"आत्ताच सगळं बदललं बघ," अव्वा म्हणाल्या. "माठातलं गार पाणी घातलं. तू पेलाभरच देतीस. लेकराला किती दिवस खारात ठिवायचं?"

समुद्राचं पाणी त्यांनी अंगणात ओतलं होतं. जमीन वाळूनही गेली होती.

तसं पाणी बनवायचे क्षार लॅबमध्ये, आणि लॅबला कुलूप. मी घरातलं मीठ विरघळवलं, खारटपणा मोजायला हायड्रोमीटर लावला.

आकडा बरोबर आला. मासा तसाच.

"तू शिकलेली हायस. कर की कायतरी."

गोडं पाणी त्याच्या अंगात कसं शिरतं, पेशी कशा फुगतात, सगळं मला माहीत होतं.

त्याचा काही उपयोग नव्हता.

दोघी बसून राहिलो. कल्ले थांबले.

"गोड्या पाण्यानं गेला व्हय?"

"हो."

त्यांनी मान हलवली. त्याला विभूती लावली आणि परसातल्या बेलाखाली पुरलं. मला हात लावू दिला नाही.

पुढे मी तिथे होते तोवर अव्वा कुणालाही काही द्यायच्या आधी माझ्या दाराशी यायच्या. नातवाला ताक, गाईला भाकरी, कुंडीला पाणी.

"दिलं तर चालतंय का ग?"

मी हो म्हणायचे.

तरी त्या थोडंसंच द्यायच्या, आणि बघत उभ्या राहायच्या.

अव्वा, शेवटचा नमस्कार.