मिऑसिस, चपला आणि आजोबांची मासळी

बारावीला बायोलॉजी शिकवायला लागले तेव्हा मला समाज बदलायचा होता. समाज अजून आहे तिथेच आहे, किस्से मात्र इतके साचलेत की सांगताना चहा थंड होतो! आणि निम्मे किस्से एकाच धड्याचे, मिऑसिस आणि आनुवंशिकता. बेडकाच्या हृदयावरून कुणाच्या घरी भांडण होत नाही. नाक कुणाचं आणि अक्कल कुणाची, यावर मात्र रोज होतं.

आमचा क्लास वसईच्या एव्हरशाईन सिटीत, एका फ्लॅटमध्ये. मालकांना आम्ही मोठे सर म्हणतो. त्यांचं माझ्यासाठी एकच वाक्य असतं, "टीचर, आधी पोर्शन, मग क्रांती!"

*

धडा सुरू व्हायच्या आधीच अर्नाळ्याच्या मानसीने हात वर केला.

"टीचर, मुलगा की मुलगी, हे कोण ठरवतं?"

"येईल पुढे. परीक्षेला हमखास असतं."

"परीक्षेला नको, घरी हवंय. आणि लवकर!"

तिच्या वहिनीला दुसरी मुलगी झाली होती आणि आजी बारसं करायला तयार नव्हती. खरं तर आजीलाही आधी चार मुलीच. दर मुलीमागे तिच्या सासूने तिची वर्षभर मासळी बंद केली होती. कोळ्याच्या घरात! आता आजी तोच नियम वहिनीला लावणार होती.

माझं डोकंच फिरलं. "मी येते तुझ्या घरी!"

"नको टीचर, तुम्ही भाषण कराल. मला नीट शिकवा, बाकी मी बघते."

*

मिऑसिसमध्ये, म्हणजे बीजपेशी तयार होताना, क्रोमोसोमच्या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतला एकच पुढच्या पेशीत जातो. फळ्यावर हे कुणाच्या डोक्यात शिरेना. मग मी दाराबाहेरच्या सगळ्या चपला आत मागवल्या. प्रत्येक जोडीतली एक या ढिगात, दुसरी त्या ढिगात. डावी कुठे, उजवी कुठे, ते नशिबावर. एका झटक्यात सगळ्यांना कळलं!

तेवढ्यात अकाउंट्सची बॅच आत घुसली आणि माझी पोरं हाताला लागेल ते पायात अडकवून पळाली.

संध्याकाळी एका आईचा फोन. "टीचर, आमचा मुलगा एक फ्लोटर आणि एक लेडीज सँडल घालून आलाय!"

मी आनंदाने म्हणाले, "काकू, हेच तर मिऑसिस!"

"मिऑसिस ठेवा तुमच्याकडे. आमचा डावा फ्लोटर द्या!"

*

पालकसभेला एक काका काकूंना घेऊन आले. वालीवला त्यांचा प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा छोटा कारखाना आहे.

"टीचर, आमच्याकडे एका साच्यातून हजारो बाटल्या निघतात. सगळ्या सेम टू सेम. मग एकाच घरात मोठी हुशार आणि हा असा, कसं काय?"

मी समजावलं, अर्धं आईकडून येतं, अर्धं वडिलांकडून, आणि दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात.

"म्हणजे क्वालिटी कंट्रोल नाहीच?"

काकू हळूच म्हणाल्या, "आहे ना. मोठीच्या वेळी माझी शिफ्ट होती!"

*

"मिऑसिस नाही तर बी नाही," मी एकदा जोरात म्हणाले. "बी नाही तर वंश खलास!"

मागच्या बाकावरून हर्षल उठला. त्याच्या घरची केळीची वाडी आहे. "टीचर, आमच्या केळ्यात बी कुठे असतं?"

बरोबर होतं! या केळीत क्रोमोसोम तीन-तीनच्या गटात असतात, जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून बी धरत नाही. बुडाशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात, तेच पुढे लावायचे.

हर्षल खूश. "म्हणजे मिऑसिस न येताही केळं अख्ख्या वसईला जेवू घालतं. मग माझ्याच मागे का लागता?"

*

मानसीने मात्र धडा पाठ केला आणि एके दिवशी घरच्या ओटीवर आजीला बसवलं. समोर वहिनीच्या दोन चपला ठेवल्या. शेजारी दादाची एक चप्पल आणि एक गमबूट.

"आजी, वहिनी काय देणार? चप्पलच. तिच्याकडे दुसरं आहेच काय? दादाने चप्पल दिली तर मुलगी, गमबूट दिला तर मुलगा."

आजीने गमबूट उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे ह्याच्यावर हाय सगला?"

"हो. पण काय जाईल ते त्याच्याही हातात नसतं गं."

"माज्या तरी हातात कुठं होता?" आजी म्हणाली. मग गमबूट खाली ठेवत, "सगल्या बाप्यांचा असाच?"

"सगळ्यांचं."

"तुज्या आजोबाचा पन?"

आजोबा समोरच जाळं विणत बसले होते. आजी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि बारशाचा दिवस ठरवून आली.

बारशाला मी गेले. पाळणा सजलेला, पंगतीत तळलेली पापलेटं, कोळंबीचं कालवण. आजी स्वतः वहिनीच्या ताटात तुकड्या वाढत होती, "खा गो, लाजतेस काय?"

कोपऱ्यात आजोबा वरण-भात आणि एक केळं घेऊन बसले होते.

"आजोबा, मासळी नाही घेतली?"

त्यांनी आधी आजीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"अजून पयल्या पोरीचाच वरीस चालू हाय, बाई!"