हळदीवर लावलेलं टायमिंग

आता काय काय सांगू! इंजिनीअर होऊन मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती ऐकताना चहाचा घोट जपून घ्या. ठसका लागेल!

डिग्री हातात आली आणि मी तीर्थपुरीत जाहीर केलं, की नोकरी करणार नाही. गावातच गॅरेज काढून जुन्या गाड्यांना नवं डोकं बसवणार! पहिला बळी अण्णांची, म्हणजे वडिलांची, पेट्रोल जीप. ठिणगी कधी पडायची, हे आता कॉम्प्युटर ठरवणार होता.

अण्णांनी अट घातली, "दसऱ्याला अंबडच्या देवीला जाऊन ही परत आली, तर काढ गॅरेज. न्हाई तर पुण्याला नोकरी."

मी इंजिनाची पुली घासून तिच्यावर पांढरी रेघ ओढली. इंजिन चालू करून टायमिंग लाइट मारला, की लुकलुकत्या उजेडात फिरती रेघ थांबल्यासारखी दिसते. ती इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर आली की ठिणगीचं टायमिंग बराबर. आदल्या दिवशी अगदी बराबर होतं.

दसऱ्याच्या सकाळी आई जीपच्या पूजेचं ताट घेऊन आली.

"आई, इंजिनाला विज्ञान लागतं, हळद-कुंकू न्हाई!" मी भाषणच ठोकलं.

"बरं बाबा. जा, आंघोळ करून ये."

आंघोळीनंतर शेवटची खात्री म्हणून लाइट मारला, तर काय! खूण काट्यापासून दोन बोटं लांब! इंजिन झकास चालत होतं, पण इंजिनाचं कोण ऐकतो? मी डिग्रीवाला! लॅपटॉपवर आकडा बदलून खूण काट्यासमोर आणली. इंजिन कण्हायला लागलं.

"होईल सवय," मी म्हणालो. इंजिनाला!

अण्णा, आई आणि आत्याला बसवून गावाबाहेर पडलो न पडलो, तोच सायलेन्सरमधून फाट! शेळ्या उधळल्या. पुन्हा फाट!

"अरे, रावण संध्याकाळी जाळतेत," मागून आत्या ओरडली. "आत्ताच काहून फटाके वाजवून राह्यलास?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पुण्याची एस्टी किती वाजता असते रे?"

चढावर जीप बसलीच. बॉनेट उघडून पुली चाचपली, तर खूण माझ्या बोटाला आली. पिवळी!

"आई, हे काय?"

"तू न्हाणीत गेल्तास ना, तवा लावलं. एवढी घासलेली जागा! म्हटलं, बोलतो तसा, पण पोरानं पूजेसाठीच ठेवली असंल. मंग रेघेवर कुंकू अन् बाजूला हळद."

म्हणजे माझी रेघ कुंकवाखाली गडप, आणि लुकलुकत्या उजेडात पांढरी समजून मी टायमिंग लावलं होतं हळदीवर!

रेघेवरचं कुंकू अन् बाजूची हळद पुसून जुना आकडा घातला. जीप अंबडला गेली आणि हू की चू न करता परत आली. उतरताना अण्णा म्हणाले, "गॅरेजला जागा बघ. पूजा आईच्या हातून कर. पण तिनं कुठं काय लावलं, ते विचारून घे."

आता कुठलीही गाडी आली, की बॉनेटला हात लावण्याआधी मी विचारतो, "पूजा झाली का हो हिची? कुठं कुठं?" गिऱ्हाइकं भक्तिभावानं हात जोडतात. पार टेंभुर्णीपर्यंत माझी कीर्ती आहे, की असा देवभोळा इंजिनीअर अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा न्हाई!