किड्याईची डॉक्टर

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात झुऑलॉजीच्या कपाटातल्या किड्यांना डांबरगोळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर वर्षभरात भुगा होतो. किश्श्यांना काही लागत नाही. कुणी जपत नाही, तरी रोजच्या चहाला एकेक वाढतच जातो. आता विभागात नवीन माणूस आला, की आधी त्याला किस्से ऐकवतात आणि मग मस्टर दाखवतात!

यातले बहुतेक किस्से एका भुंगेऱ्याचे आहेत. अंगठ्याएवढा, काळाकुट्ट, अंगावर सहा पांढरे ठिपके. दोन मानेशी, चार पाठीवर. पाठीवरची झाकणं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे उडता येत नाही. पण धावतो असा, की आपण चप्पल शोधेपर्यंत हा बांधाच्या पलीकडे! दिवसा दगडाखाली, भेगांत पडून राहतो आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतो.

छेडलं, तर मागून ॲसिड मारतो. हे उज्ज्वलाला पहिल्याच दिवशी कळलं. ती शेंदूरजनाघाटची, माझ्यासारखीच आमच्या इंगोले सरांकडे पीएचडीला आलेली. सर तिला सांगत होते, "याच्यावर कधीही वाकायचं नाही." आणि हे सांगताना स्वतः वाकलेले! पिचकारी थेट भुवईवर. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. आमचे लॅब असिस्टंट सुधाकरभाऊ धावत आले, सरांचं डोकं धरून बादलीत बुचकळलं आणि वर काढून म्हणाले,

"सर, बॉटनी घ्याले काय झालं होतं तुमाले?"

* * *

उज्ज्वला आली तीच भांडून. संत्र्याची बाग असलेलं खातंपितं घर, एकुलती लेक. परतवाड्याचं चांगलं स्थळ आलं होतं, आणि तिने सांगितलं की आधी पीएचडी. तिचे बाबा, नामदेवराव, अंगणात सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "लोकाच्या पोरी माणसाच्या डॉक्टर होतात. हे किड्याईची डॉक्टर होऊन राहिली!"

ती त्याच आठवड्यात बॅग घेऊन होस्टेलला आली. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद, घरी जाणं बंद. दिवाळीलाही नाही. आईचा फोन यायचा, तेव्हा मागे कुणीतरी मोठ्यानं खोकायचं. उज्ज्वला म्हणायची, "बाबा हायेत. फोन ठेव म्हणून खोकलून राहिले." मला वाटायचं, ठेवू नको म्हणून खोकत असतील. पण मला कोण विचारतं! मला त्या माणसाचा फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

* * *

होस्टेलच्या खोलीत उज्ज्वलाने काचेच्या पेटीत एक भुंगेरा ठेवला होता. एक दिवस रेक्टर मॅडमनी धाड टाकली. "पाळीव प्राणी चालत नाहीत!"

"पाळीव नाही मॅडम, हा चावते," उज्ज्वला म्हणाली.

मॅडम आणखी भडकल्या. "खातो काय हा?"

"मेसमधले झुरळं."

मॅडम थोडा वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग जाता जाता म्हणाल्या, "एकच आहे का?"

* * *

हा किडा कुठपर्यंत सापडतो, ते बघायला आम्ही जिल्हा पालथा घातला. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या जीपमध्ये बसायचं, मधेच उतरायचं आणि दगड उलटे करत बसायचं. एकदा ड्रायव्हरला आमची दया आली. त्याने जीप थांबवली, सगळे पॅसेंजर खाली उतरले आणि आमच्यासोबत शोधायला लागले. पंधरा मिनिटांनी एका म्हातारबाबांनी कंबर सरळ करत विचारलं, "बाई, सोन्याचं होतं का?"

किडा शोधतोय म्हटल्यावर धारणीपर्यंत आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरने मात्र मनावर घेतलं. पुढे कधीही दिसला, की लांबून ओरडायचा, "मॅडम, काल एक दिसला होता! अकोल्याकडं जाऊन राहिला होता!"

* * *

हा कोरड्या, खडकाळ रानाचा किडा. ओलिताच्या संत्राबागेत राहतो का, हा उज्ज्वलाच्या अभ्यासाचा मोठा प्रश्न. त्यासाठी जुनी बाग हवी होती, आणि सरांना हवी तशी एकच होती. नामदेवरावांची! उज्ज्वला येईना. मग सुधाकरभाऊ आणि मी गेलो.

नामदेवरावांनी चहा पाजला, संत्री दिली, बाग दाखवली. लेकीचं नाव काढलं नाही. आम्ही झाडांखाली प्लॅस्टिकचे कप जमिनीच्या पातळीला पुरले. चालता चालता किडा आत पडतो, काठ गुळगुळीत असल्याने वर येता येत नाही, अशी ती साधी युक्ती.

आठवड्याने सरांना घेऊन गेलो, तर सगळे कप रिकामे. आणि प्रत्येक कपात संत्र्याची एक बारीक काडी तिरपी ठेवलेली! सरांचा चेहरा लाल. "हे कोणी केलं?"

उज्ज्वलाची आई पदर सावरत पुढे आली. "म्या केलं, सर. रात्रभर खड्ड्यात पडून रायतीन बिचारे. शिडी लावून देल्ली. घरी वाट पाहत असन ना त्याईची कोणी."

अर्ध्या मार्कासाठी पोरांना नापास करणारे आमचे सर! म्हणाले, "बरोबर आहे, वहिनी."

* * *

पुढच्या वेळी बागेत फवारणी झालेली होती. आमचे कप होते, तेवढ्या दोन ओळी सोडून. मी नामदेवरावांना कारण विचारलं.

"पंप बिघडला."

"आणि बाकीच्या बागेत?"

"तिकडं नाही बिघडला," ते म्हणाले आणि पाणी बघायला निघून गेले.

त्याच दोन ओळींत आम्हाला भुंगेरा सापडला. बागेतला पहिला! मी तिथूनच उज्ज्वलाला फोन केला. पोरगी आधी ओरडली, मग तिने विचारलं, "बाबा कसे हायेत?" मी म्हटलं, बोलतेस का, देते. तिने फोन ठेवून दिला. दोघंही एकाच मातीचे, दुसरं काय!

* * *

परवा तिची ओपन व्हायव्हा, म्हणजे पीएचडीची जाहीर तोंडी परीक्षा, झाली. हॉल भरलेला. उज्ज्वला छान बोलत होती आणि मधेच अडखळली. मी मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीवर नामदेवराव बसले होते. पांढरा शर्ट, टोपी, गळ्यात दुपट्टा. कोणी कळवलं ते अजून कळलेलं नाही. सुधाकरभाऊ नाही म्हणतात.

ओपन व्हायव्हात कुणालाही प्रश्न विचारता येतो. बाहेरगावचे परीक्षक शिस्तीचे होते. प्रत्येक उत्तरानंतर विचारणाऱ्याला म्हणायचे, "आपलं समाधान झालं?" आणि पुढे जायचे. शेवटी विचारलं, "आणखी कुणाला प्रश्न?"

नामदेवरावांनी हात वर केला. सरांचा रंग उडाला. माईक मागे गेला.

"हा किडा उडत नाही म्हंतं तू. मंग आपल्या इकडून तिकडं तामिळनाडूपर्यंत गेला कसा?"

किती दिवसांनी तो माणूस लेकीशी बोलत होता. उज्ज्वलाने पोडियमची कड धरली. "चालत गेला, बाबा. एका पिढीत नाही. जिथं कोरडं रान भेटलं, तिथं राहिला, अन् त्याचे पोरं पुढं गेले."

"हं." ते खाली बसले नाहीत. "अजून एक ईचारू का साहेब? किड्याचा नाही."

"विचारा."

"तू घरी कधी येशीन?"

सर उठून म्हणाले, "प्रश्न विषयाला धरून नाही, आपण नंतर..." परीक्षकांनी हातानेच त्यांना बसवलं. "ओपन व्हायव्हा आहे, सर. उमेदवारानं उत्तर द्यावं."

उज्ज्वलाने नाक पुसलं. "तुमी न्याले आले असान, त आजच येतो, बाबा."

परीक्षक सवयीने मागे वळले. "आपलं समाधान झालं?"

नामदेवरावांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले,

"झालं न साहेब. माह्याकडून पास हाय पोरगी!"